यल्लाप्पाण्णा किती वेळा ओरडले?

माझ्या टेबलाच्या खालच्या खणात दोन फायली आहेत. एकीवर मी मोठ्या अक्षरांत 'निष्कर्ष' असं लिहिलंय. दुसरीवर काहीच लिहिलेलं नाही. सहा महिन्यांत पहिलीत दीड पान जमलं, आणि दुसरी इतकी फुगली की खण बंद होईना! माणूस सुधारला का हे मोजायला निघालं की आकडे लांब पळतात आणि किस्से न बोलावता येऊन बसतात. तुम्ही 'सांग की, सांग की' म्हणून मागं लागलाय, म्हणून ती दुसरी फाईल उघडते. पण मध्ये बोलायचं नाही. मी एकदा सुरू झाले की मला थांबवलेलं चालत नाही.

मी राहते धारवाडला, सप्तापुरात. युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र शिकले, आणि गेली बारा वर्षं हुबळीतल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात पर्सोनेल खातं बघते. मालकांना सगळे अप्पा म्हणतात. त्यांचं घराणं मूळचं मिरजेकडचं. जुन्या हुबळीत त्यांच्या वडलांचं किराणा दुकान होतं आणि अप्पांचं लहानपण त्याच गल्ल्यावर गेलं. कारखाना काढून इतकी वर्षं झाली, पण बोटांतलं दुकान काही गेलं नाही. समोर कागद आला की अप्पांचे हात त्याची पुडी वळायला लागतात! मीटिंगचा अजेंडा असो की सरकारी परिपत्रक, वाचून झालं की त्याचा कोन होतो, आत टेबलावरचे शेंगदाणे जातात, आणि वरची घडी अशी बसते की उलटी धरली तरी दाणा पडत नाही. म्हणून महत्त्वाचा कागद त्यांच्याकडे न्यायचा तर मी आधी झेरॉक्स काढून ठेवते.

* * *

आमच्याकडचं डिस्पॅच बघतात यल्लाप्पाण्णा. अळणावरजवळच्या खेड्यातले. अळणावरला आमचं एक जुनं गोदाम आहे, तिथं ते हमाल म्हणून लागले आणि चढत चढत हुबळीत डिस्पॅचचे हेड झाले. कुठला माल कुठल्या ट्रकात, कुठल्या थरात, वर काय, खाली काय, सगळं तोंडपाठ. माणूस सोन्यासारखा. फक्त आवाज! देवानं सगळ्या खात्याला मिळून जेवढा दिला असता, तेवढा एकट्या यल्लाप्पाण्णांना दिलाय.

एकदा अप्पा एका मोठ्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होते. खालच्या अंगणात यल्लाप्पाण्णांनी एका ड्रायव्हरला हाक मारली. शिवी नाही, राग नाही, नुसती हाक! पलीकडचं गिऱ्हाईक म्हणालं, "तुमच्याकडे दंगल चाललीय वाटतं. मी नंतर करतो." त्याचा फोन परत आलाच नाही.

त्याच आठवड्यात डिस्पॅचमधल्या नव्या मुलीनं राजीनामा दिला. फॉर्मवर कारणाचा रकाना चांगला सहा ओळींचा आहे. तिनं एकच शब्द लिहिला होता: 'कान'.

झालं! अप्पांनी मला वर बोलावलं. कुठल्याशा लग्नात त्यांना दुसऱ्या एका कारखानदारानं सांगितलं होतं की मॅनेजर लोकांसाठी कोच असतो, तो सुधारून देतो. अप्पांनी बेंगळुरूचा एक कोच ठरवलासुद्धा. दर पंधरा दिवसांनी गुरुवारी येणार, यल्लाप्पाण्णांशी दीड तास बोलणार, सहा महिने.

"आणि तू मोजायचंस," अप्पा म्हणाले. "सहा महिन्यांनी मला सांगायचं, उपयोग झाला का नाही. हो म्हण नाहीतर नाही म्हण. मधलं काही लिहून आणायचं नाही."

"आणि नाही निघालं तर?"

अप्पांनी मला एक पत्र टाइप करायला सांगितलं. यल्लाप्पाण्णांची बदली, अळणावरच्या गोदामात. तारखेची जागा कोरी. टाइप करताना मला अगदी कसंतरीच झालं, खोटं कशाला सांगू!

कारखान्यात असली बातमी जिन्यानं खाली यायच्या आधी पोचते. दुपारी यल्लाप्पाण्णा माझ्या दारात. त्यांच्या मानानं ते कुजबुजत होते, म्हणजे दोन खोल्यांपलीकडचा अकाउंटंट मान वर करून बघत होता.

"मॅडम, ज्या गोदामातनं पाठीवर पोती घेऊन निघालो, तिथंच परत नेऊन बसवणार होय मला? गावात काय सांगू? चढलेला माणूस खाली का आला, म्हणून विचारतील की!"

मी म्हटलं, "अण्णा, मी खोटं लिहिणार नाही. तुमच्या बाजूनं नाही आणि अप्पांच्या बाजूनं पण नाही. पण मोजणार म्हणजे मोजणार! मला पटेल असं मोजल्याशिवाय त्या पत्रावर तारीख पडू देणार नाही."

"मोजा," ते म्हणाले. तेवढा एक शब्द गेटपर्यंत गेला.

* * *

कोच आले. बारीक, शांत माणूस. स्वतः काही सांगायचेच नाहीत, नुसते प्रश्न विचारायचे आणि उत्तराची वाट बघत बसायचे. पहिलं सत्र झाल्यावर त्यांनी मला एक फॉर्म दिला. "मोजायचं ना? हे आमचं तयारच आहे." फॉर्मवर पाच तोंडं काढलेली. एक रडकं, एक हसरं, मध्ये तीन अशीतशी. आणि वर प्रश्न: तुम्हाला आजचं सत्र कसं वाटलं?

यल्लाप्पाण्णांनी सगळीकडे हसऱ्या तोंडावर खूण केली होती.

मी विचारलं, "अण्णा, एवढं काय आवडलं?"

"दीड तास बसून चहा प्यालो, मॅडम. कोणी फोन केला नाही, कोणी ट्रकची बिल्टी मागितली नाही. असं तर माझ्या लग्नात पण झालं नव्हतं!"

कोच खूश. मी नाही. जेवण आवडलं का विचारून तब्येत सुधारली का ते कळतं होय? मी तो फॉर्म 'निष्कर्ष'मधून काढला आणि दुसऱ्या फायलीत टाकला. तो त्या फायलीतला पहिला कागद.

* * *

मग मी ठरवलं, ज्यांच्यावर ओरडतात त्यांनाच विचारायचं. डिस्पॅचमध्ये सहा लोक. प्रश्न दहा, प्रत्येकाला पाचपैकी गुण द्यायचे. साहेब तुमचं ऐकून घेतात का? साहेब सर्वांसमोर रागावतात का? मोठ्या हौसेनं मी फॉर्म कन्नडमध्ये आणि मराठीत असे दोन्हीकडून छापले, आणि सगळे एकत्र सापडतील म्हणून खंडेनवमीच्या दिवशी वाटले.

हसू नका! मला काय माहीत!

सहाच्या सहा फॉर्म, दहाच्या दहा प्रश्न, पाचपैकी पाच. यल्लाप्पाण्णा देवमाणूस! मी डोक्याला हात लावला. त्यांच्यातला सगळ्यात जुना लोडर, तो आदल्याच दिवशी माझ्याकडे रडत आला होता. मी त्याला कोपऱ्यात घेतलं. "अरे, काल तू काय सांगत होतास? आणि आज पाच?"

त्यानं समोर बोट दाखवलं. फोर्कलिफ्टला हार घातलेला, चाकाखाली लिंबू, स्पॅनरच्या पेटीला हळदकुंकू, दारात कोहळा फोडलेला. म्हणाला, "मॅडम, ही फोर्कलिफ्ट वर्षभर आमचा जीव खाती. तिला पण आज नमस्कार केलाय. पूजेच्या दिवशी ज्याच्यावर पोट चालतंय त्याला नाव ठेवायचं नसतंय."

मी कबूल केलं, चूक माझी. आठवड्याभरानं परत फॉर्म वाटले. या वेळी साधा बुधवार बघून. नाव लिहायचं नाही, सही करायची नाही, पेटीत टाकायचं, अगदी शपथेवर सांगितलं. पेटी उघडली तर सहा फॉर्म, सगळे एकाच निळ्या पेननं, एकाच अक्षरात. सगळ्यांनी कॅन्टीनमध्ये बसून चर्चा करून एकमतानं भरले होते! आणि एकानं तर नाव लिहायचं नाही म्हणून लिहिलं नव्हतं. खाली नुसतं 'आपला विश्वासू' आणि हजेरीचा तिकीट नंबर!

* * *

संख्याशास्त्रात एक गोष्ट असते. औषध एकाला द्यायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही, आणि मग दोघांची तुलना करायची. मी म्हटलं, हे जमेल. आमच्या स्टोअर्समध्ये विश्वनाथ आहेत. आवाजात यल्लाप्पाण्णांच्या तोडीस तोड, आणि त्यांना कोच नाही. यल्लाप्पाण्णा शांत झाले आणि विश्वनाथ होते तसेच राहिले, तर श्रेय कोचचं.

पंधरा दिवसांनी बघते तर विश्वनाथच गार! सप्लायरनं व्हॉल्व्हचं चुकीचं पॅकिंग पाठवलं, आणि विश्वनाथ त्याला फोनवर विचारतायत, "बरं, यातून तुम्हाला काय कळलं असं वाटतं?" सप्लायर घाबरून तासाभरात स्वतः टेंपो घेऊन आला. तो म्हणाला, साहेब इतके शांत म्हणजे ऑर्डर रद्दच झाली असं वाटलं!

मला शंका आली. गुरुवारी पाच वाजता मी गेटबाहेरच्या गाड्यावर गेले. यल्लाप्पाण्णा आणि विश्वनाथ बाकावर बसलेले, मध्ये चुरमुऱ्यांचं गिरमिट, मिरचीभजी. आणि यल्लाप्पाण्णा सकाळचं सगळं सत्र जसंच्या तसं विश्वनाथला शिकवतायत!

"अण्णा!" मी जवळजवळ किंचाळलेच. "यांना सांगायचं नाही हो! माझी सगळी तुलना बिघडवलीत तुम्ही!"

यल्लाप्पाण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली.

"मॅडम, एवढं चांगलं काहीतरी मला ऐकायला मिळतंय, आणि शेजारच्याला सांगू नको म्हणता? हे कसलं हो तुमचं शास्त्र?"

विश्वनाथनी शांतपणे गिरमिटाची एक प्लेट माझ्यापुढे सरकवली. म्हणाले, "मॅडम, आत्ता तुम्हाला नेमकं काय वाटतंय?"

* * *

एवढं झाल्यावर दुसरं कोणी असतं तर सोडून दिलं असतं. मी त्या दिवशी बसमधून सप्तापूरला येईपर्यंत दात ओठ खात ठरवलं, फॉर्म नाही, मतं नाही, तुलना नाही. ओरडणं मोजायचं. किती वेळा ओरडले, बस!

आमच्या गेटजवळ वजनकाटा आहे. तिथल्या खिडकीत गिरिजाक्का बसते. वीस वर्षं ती तिथंच आहे, आणि समोर डिस्पॅचचं अंगण. तिच्या कानातून काही सुटत नाही. तिला म्हटलं, अक्का, तू मोज. वहीत खूण कर.

"अय्यो मॅडम, एका हातात पावती, एका हातात शिक्का. वही कुठल्या हातानं धरू?" मग तिनंच मार्ग काढला. तिच्या घरी चिंचेचं झाड आहे, चिंचोक्यांना तोटा नाही. एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली. यल्लाप्पाण्णा ओरडले की एक चिंचोका आत. टण्ण! महिना संपला की मी डबा न्यायचा.

पण ओरडणं म्हणजे काय? यल्लाप्पाण्णांचं साधं बोलणं कुठं संपतं आणि ओरडणं कुठं सुरू होतं? आम्ही दोघी यावर पाऊण तास भांडलो. शेवटी गिरिजाक्कानं गेटवर झोपणाऱ्या कुत्र्याकडे बोट दाखवलं. "टायगर कान हलवला तर बोलणं. मान उचलला तर मोठ्यानं बोलणं. उठून उभा राहिला तर ओरडणं."

इतकी स्वच्छ व्याख्या मला युनिव्हर्सिटीतही कोणी दिली नव्हती.

पहिल्या महिन्यात चिंचोक्यांनी डब्याचा तळ झाकून गेला. दुसऱ्यात अर्धे. तिसऱ्या महिन्यात तर जवळजवळ नाहीच! मी आनंदानं 'निष्कर्ष' फाईल काढली. पण मन खात होतं, म्हणून काट्यावर जाऊन बघून आले. टायगर गेटवर नव्हताच. कॅन्टीनला नवा स्वयंपाकी आलेला, तो हाडं टाकायचा. टायगरनं तीन आठवड्यांपूर्वीच बदली करून घेतली होती!

तो महिना मी खोडला. त्यानंतर गिरिजाक्काचे कान हेच माप.

* * *

चौथ्या महिन्यात परत कमी झाले. मी अप्पांना दाखवायला गेले. त्यांनी माझ्या आकड्यांच्या कागदाची पुडी वळत वळत विचारलं, "जत्रेनंतर ड्रायव्हर गावाकडनं परत आले होते का? ट्रकच नाहीत तर ओरडणार कोणावर?"

खरं होतं. मी परत खाली आले, गेटचं रजिस्टर काढलं, ट्रकामागे किती चिंचोके असा हिशेब मांडला. तरी कमीच होते! थोडेच, पण कमी.

आणि मग एक आठवडा असा आला की डबा वाजलाच नाही. एकदाही नाही. कोचना कुठून कळलं कोण जाणे, त्यांनी लगेच बेंगळुरूहून एक रंगीत ग्राफ पाठवला. खाली उतरत गेलेली रेघ शून्याला टेकलेली, आणि वर लिहिलेलं 'परिवर्तन'.

मी अंगणात गेले. यल्लाप्पाण्णा एका ड्रायव्हरला खडूनं फळीवर लिहून काहीतरी सांगत होते. गावच्या सप्ताहात सात दिवस भजनं म्हणून घसा पार बसलेला. तोंडातून हवासुद्धा येत नव्हती! मला बघून त्यांनी फळी पुसली आणि लिहिलं, 'हा आठवडा मोजू नका. खोटं होईल.'

कोचना मी फोन करून सांगितलं. त्यांनी त्या आठवड्याच्या तारखा विचारून घेतल्या. मग म्हणाले, "मॅडम, ग्राफ ठेवू का काढू?" मी म्हटलं, "काढा." तोही माझ्या दुसऱ्या फायलीत आहे.

* * *

शेवटचा महिना लागायच्या आदल्या दिवशी यल्लाप्पाण्णा काट्याच्या खिडकीशी उभे. त्यांनी डबा हातात घेतला, हलवून बघितला.

"मॅडम, हे टण्ण टण्ण वाजतं, ते माझं का?"

आता काय सांगायचं? सांगितलं तर मोजमाप बिघडणार. कॅमेरा लावलाय म्हटल्यावर सगळेच भांग नीट करतात! पण त्या माणसानं फळीवर 'खोटं होईल' असं लिहून दाखवलं होतं. मला त्याच्याशी खोटं बोलवेना. म्हटलं, "होय अण्णा. तुमचंच."

"ओरडलो की एक?"

"ओरडलात की एक."

"बरं," म्हणाले. डबा जागेवर ठेवला आणि गेले. त्यानंतर रोज संध्याकाळी घरी जाताना ते काट्याच्या खिडकीशी मिनिटभर थांबायचे. मला माझ्या खिडकीतून दिसायचं. मला वाटायचं, गिरिजाक्काचा निरोप घेतात.

* * *

आणि आता तो दिवस.

अप्पांचा माझ्यावर विश्वास आहे, पण आकड्यावर नाही. त्यांनी सांगून ठेवलं होतं, शेवटच्या महिन्याचा डबा त्यांच्यासमोर उघडायचा. मी झाकणाला चिकटपट्टी लावलेला डबा काट्यावरून उचलला आणि जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरच थांबले.

डबा जड होता.

वर अप्पा बसलेले. समोर ते पत्र, तारखेची जागा कोरी, शेजारी उघडं पेन. यल्लाप्पाण्णा खुर्ची असून उभेच. मी पट्टी काढली आणि डबा टेबलावर पालथा केला. चिंचोके असे घरंगळले की काही शेंगदाण्यांच्या बशीत गेले, काही खाली पडले. पहिल्या महिन्यापेक्षा जास्त! मोजायचीही गरज नव्हती, तरी मी मोजले. मला वाटलं, मीच मोजत बसले, मीच त्या माणसाला अळणावरला धाडलं.

अप्पा उठले. आणि गेल्या सहा महिन्यांत यल्लाप्पाण्णा ओरडले नसतील असे ओरडले.

"वाढले? अरे, सहा महिने मी त्या कोचला गाडी पाठवतोय, आणि वाढले? हे सुधारणं? लाज वाटते का नाही रे तुला?"

खालच्या अंगणात सगळं थांबलं. फोर्कलिफ्टचा आवाजही बंद झाला. यल्लाप्पाण्णा मान खाली घालून उभे. अप्पांनी पेन उचललं.

मी म्हटलं, "अप्पा, तारीख घालू नका. अजून माझं मोजून झालेलं नाही."

"आणि काय मोजायचं राहिलंय?"

"ज्यानं टाकले त्याला विचारायचं राहिलंय." आणि मी खिडकीतून गिरिजाक्काला वर बोलावलं.

ती आली, टेबल बघितलं आणि गालावर हात ठेवला. "अय्यो शिवा! हे कुठनं आले?"

"तूच टाकलेस की, अक्का."

"मी? मी चार टाकले, मॅडम. अख्ख्या महिन्यात चार. देवाशप्पथ!"

अप्पांचं पेन हातात तसंच.

मग यल्लाप्पाण्णा बोलले. त्यांचा आवाज इतका खाली मी कधी ऐकला नव्हता. मला पुढं वाकावं लागलं.

"बाकीचे माझे, अप्पा. अक्काला काट्यावरनं इथलं तेवढं ऐकायला येतं. घरी बायकोवर ओरडलो ते तिला कसं ऐकू जाणार? बसमध्ये कंडक्टरवर ओरडलो ते? लेकीला फोनवर बोललो ते?" त्यांनी पायाशी पडलेला एक चिंचोका उचलून टेबलावर ठेवला. "आणि काही ओरडलोच नाही. ओरडणार होतो, गिळलं. पण आलं तर होतं ना तोंडात? मॅडम म्हणाल्या, नीट मोजणार. म्हणून रोज जाताना, अक्का कुलूप लावायला पाठमोरी झाली की तिच्याच ढिगातले हळूच टाकत होतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, त्यात लपवायचं काय? मी रुमाल शोधत होते आणि अप्पा टेबलावर पसरलेल्या चिंचोक्यांकडे बघत होते.

मी म्हटलं, "अप्पा, काय लिहू? हो का नाही?"

अप्पांनी पेनाला टोपण लावलं. समोरचं पत्र उचललं, आणि त्यांचे हात त्यांच्या नेहमीच्या कामाला लागले. पत्राचा कोन झाला. एकेक करून त्यांनी टेबलावरचे, बशीतले, खाली वाकून फरशीवरचेसुद्धा चिंचोके गोळा केले आणि आत भरले. चार तेवढे बाजूला काढून परत डब्यात टाकले. पुडीची वरची घडी घालायच्या आधी थांबले, आतून एक चिंचोका काढला, आणि खिडकीतून अंगणाकडे बघितलं. तिथं सगळे अजून माना वर करून उभे होते.

अप्पांनी तो चिंचोका डब्यात टाकला. टण्ण!

गिरिजाक्का सवयीनं म्हणाली, "पाच."